चार खोकी परत यायची होती

दहाव्याला घाटावर फ्लेक्स लावला होता. चांगला सहा फुटी. त्यावर अप्पांचा फोटो, तोसुद्धा कंपनीच्या ओळखपत्रावरचाच मोठा केलेला, म्हणजे चेहरा फाटलेला आणि एक कान गायब. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याच्याखाली आमच्या कंपनीचं नाव. ते नाव वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या इकडे चाकण पट्ट्यात दहाव्याला भाषणं होतात. प्रवचनकार महाराज झाले, मग सरपंच, मग सोसायटीचे चेअरमन, मग आमच्या कंपनीचे प्रोजेक्ट हेड. साहेबांनी गॉगल काढला, माइकवर दोनदा टिचकी मारली आणि म्हणाले, "शिस्त काय असते, हे आम्ही अप्पांकडून शिकलो."

अरे हाड! ज्या माणसाला निवृत्तीला सहा महिने उरलेले असताना गेटबाहेर काढलं, त्याच्याकडून हे शिस्त शिकले! मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठावं, माइक हिसकावून घ्यावा आणि चारचौघांत या साहेबांची काढावी, असं फार वाटलं. उठलो नाही. का उठलो नाही तेच सांगायला बसलोय, पण त्याआधी हे अप्पा कोण, ते सांगायला पाहिजे.

अप्पा आमच्या कारखान्यात डिस्पॅचला होते. कारखान्यातून जे जे बाहेर जाणार, मग ते परदेशी जाणारं मशीन असो नाहीतर मोडकी खुर्ची, ते अप्पांच्या सहीशिवाय हलायचं नाही. कारखान्यात गेटपास दोन तऱ्हेचे असतात. जी वस्तू गेली ती गेली, तिचा नॉन-रिटर्नेबल. जी दुरुस्तीला, दाखवायला, उसनी म्हणून बाहेर जाते आणि परत यायची असते, तिचा रिटर्नेबल, म्हणजे आरजीपी. तीन प्रती, पांढरी गेटवर, पिवळी नेणाऱ्याकडे, गुलाबी अप्पांकडे. वस्तू परत आली की गुलाबी प्रतीवर 'परत आले'च्या रकान्यात नग लिहायचे, स्थिती लिहायची, सही करायची आणि तो कागद गेटवर जमा करायचा. मग पास बंद. तोवर तो उघडा. उघड्या पासाचा अप्पांना जो त्रास व्हायचा, तो इतर लोकांना दाढदुखीचा होतो.

"परत येनार का जानार?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नमस्काराच्या जागीच.

एकदा डायरेक्टर साहेबांच्या ड्रायव्हरला त्यांनी गेटवर पाऊण तास उभं केलं होतं, कारण साहेबांचा जेवणाचा डबा कॅन्टीनच्या स्टीलच्या भांड्यात चालला होता. भांडं कंपनीचं. डायरेक्टरांचा फोन आला, तर अप्पा म्हणाले, "सायेब, आतली भाजी नॉन-रिटर्नेबल हाय, तिला माजी हरकत न्हाई. भांड्याचा पास करा." पास झाला. भांडं तिसऱ्या दिवशी आलं, घासून. तेव्हा कुठे अप्पांनी डायरेक्टरांशी बोलणं पुन्हा सुरू केलं.

घरीही तेच. शेजाऱ्याला शिडी दिली तरी वहीच्या पानावर 'शिडी, एक नग, परत येणार' लिहून त्याची सही घ्यायचे. त्यांच्या गावात, निघोज्यात, लोक हसायचे. अप्पांना त्याचं काही नसायचं. एकदा चहा पिताना मला म्हणाले होते, "आमच्या बाच्या म्होरं जमिनीचा कागद आला, तवा त्यानं वाचला न्हाई. अंगठा दिला. ही तुमची पेंटशॉप हाय ना, तिथं आमची ज्वारी हुती." एवढंच बोलले आणि कपातला चहा बशीत ओतला. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत. परदेशी जाणाऱ्या मालाच्या कागदावर माल मुळात कुठला, ते लिहावं लागतं. तीच सवय माणसांना लावलेली. "ए सोलापूर, ट्रॉली घे." "चिपळूणला बोलाव रं." मी लातूरचा, म्हणून मी लातूर. सात वर्षं मी त्या माणसासाठी लातूर होतो. सुरुवातीला फार राग यायचा. इंजिनिअर माणूस मी, असेंब्ली लाइन सांभाळतो आणि हा डिस्पॅचचा म्हातारा सगळ्यांदेखत 'ए लातूर' म्हणतो!

आणि मला आधीच रागाला कारण काय कमी होतं! मला अठराव्या वर्षी साखर निघाली. म्हाताऱ्यांना होते तशी गोळीवर भागणारी नव्हे. इन्सुलिन नाही घेतलं तर दिवसा-दोन दिवसांत माणूस आडवा होतो, ती. दिवसाला चार सुया. हे मी कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. भरतीच्या वेळी मेडिकलला कसं निभावलं ते विचारू नका. शिवाय घरी लग्नाचं बघणं चालू होतं आणि आई म्हणायची, "बोंबलत सुटू नको गावभर." मग मी संडासात जाऊन सुई टोचायचो आणि दोन मिनिटांत लाइनवर हजर व्हायचो. चोरासारखं जगायचो, सरळ सांगतो.

अप्पांना ते कळलं फ्रिजमुळे. डिस्पॅचमध्ये सीलंटच्या नळ्या ठेवायला एक छोटा फ्रिज होता. उन्हाळ्यात माझं औषध खराब होऊ नये म्हणून मी एका काळ्या पाउचमध्ये घालून ते गुपचूप त्याच्या तळात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी अप्पा लाइनवर आले. हातात पाउच. 

"लातूर, ह्ये तुजं?"

"कशावरून?"

"सगळ्यांना इचारून झालं, तूच ऱ्हायला." मग माझ्या तोंडाकडे बघून आवाज खाली आणला. "माज्या मेव्हणीला हुतं. कळलं मला काय हाय ते. पर ह्याला लेबल न्हाई. माज्या फ्रिजमधी बिनलेबलाचं काय चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाउचवर लेबल होतं. 'माल: खाजगी. मालक: लातूर. हात लावू नये.' कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत. मी आभार मानायला हवे होते. मी मात्र मनात म्हटलं, या म्हाताऱ्याच्या हातात आता माझी शेंडी गेली.

तर मुद्द्यावर येतो. आखातातल्या एका देशात आमचं मशीन जायचं होतं आणि ते बसवायला पंचेचाळीस दिवस मी जायचं ठरलं. सोबत प्रोजेक्ट हेड. माझा पहिला परदेश. कासारवाडीच्या माझ्या खोलीवर मी मित्रांना वडापाव खाऊ घातले. औषधाचं काय करायचं, ते मी आमच्या तिकिटं काढणाऱ्या एजंटला फोनवर आडून विचारलं. म्हटलं, मित्राची शंका आहे. तो म्हणाला, "काही होत नाही सर, सगळे नेतात, टाका बॅगेत." मलाही तेच ऐकायचं होतं.

अप्पांनी मला डिस्पॅचमध्ये बोलावून घेतलं. दार लावलं. "सुयांचं काय केलंस?"

"बॅगेत टाकणारे."

"डोंबल तुजं! त्या देशात लाकडी पेटीवर कीड मारायच्या धुरीचा शिक्का नसला तर पेटी माघारी धाडत्यात. लाकडाची ही कथा. तू तर काचंच्या नळ्या आन् सुया घिऊन चाललायस."

आणि मग त्या माणसानं माझा पंधरा दिवस छळ मांडला. त्या देशाच्या आरोग्य खात्याचा ऑनलाइन परवाना असतो, तो त्यांनी शोधून काढला. त्यात औषधाचं नाव, खोकी किती, नळ्या किती, सगळं भरायचं. डॉक्टरांचं पत्र लागतं. तर रविवारी सकाळी हे निघोज्याहून मोटारसायकलवर कासारवाडीला हजर. मला मागं बसवलं आणि माझ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं. अप्पांनी ते पासपोर्टशेजारी धरलं आणि अक्षर न् अक्षर लावून बघितलं.

"डॉक्टर, आडनावात एक ए कमी हाय."

"अहो, चालतं तेवढं."

"तुमाला चालतं. त्यांना चालायला पायजे."

डॉक्टर तापले. बाहेर पंधरा पेशंट बसलेले. अप्पा खुर्चीतून हलायला तयार नाहीत. डॉक्टरांनी पत्र दुसऱ्यांदा लिहिलं, तर अप्पा म्हणाले, शिक्का पुसट उमटलाय. तिसऱ्यांदा लिहिलं. शेवटी डॉक्टर मला म्हणाले, "हे तुमचे वडील का?" मी एवढ्या मोठ्यानं "छे!" म्हटलं, की बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. अप्पा तेव्हा शिक्का वाळवायला कागदावर फुंकर घालत होते.

परवाना आला. चार खोकी, दोन जेवणाआधीच्या इन्सुलिनची, दोन दिवसभराच्या. प्रत्येकात पाच नळ्या. सुयांचे दोन डबे वेगळे. अप्पांनी प्रत्येक खोक्यावर छापील लेबल चिकटवलं. माझं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, परवान्याचा नंबर, 'खोके ४ पैकी १', '४ पैकी २'. कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र केलं आणि डिस्पॅचचा गोल शिक्का मारला. आणि हे सगळं झाल्यावर आरजीपीचं पुस्तक काढलं.

"अप्पा, हे माझं स्वतःचं आहे. कंपनीचं नाही."

"गेटातनं जातंय ना?"

त्यांनी लिहिलं: 'इंजिनेर, एक नग. औषधाची खोकी, चार. सुयांचे डबे, दोन. परत येणार.' पिवळी प्रत माझ्या हातात दिली. "खोकी टाकू नगंस. औषध संपलं तरी रिकामं खोकं आणायचं. आन् नळी खोक्याबाहेर काढायची न्हाई, लागंल तवा एकच काढायची. कळलं का, लातूर?"

"कळलं," मी म्हटलं. काही कळलं नव्हतं. मला इतकंच दिसत होतं, की माझ्या रोगाच्या चार खोक्यांवर माझं पूर्ण नाव ठळक अक्षरांत छापलंय आणि हॉटेलात माझ्या शेजारच्या खोलीत साहेब असणार आहेत.

निघायच्या आदल्या दुपारी मी खोलीवर बॅग भरायला बसलो. आता ऐका माझी अक्कल. आमच्या लाइनवर एक पद्धत आहे. कुठलाही पार्ट खोक्यात लाइनवर आणायचा नाही. खोकं म्हणजे कचरा. पार्ट मोकळे करायचे, फोमच्या ट्रेमध्ये प्रत्येकाची खाच कापायची आणि सारखे दिसणारे पार्ट असतील तर त्यांना रंगीत टेप गुंडाळायची, म्हणजे घाईत चुकीचा हातात येत नाही. या पद्धतीसाठी मला कंपनीत बक्षीस मिळालंय, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. मी तेच केलं. लाइनवरून फोमचा तुकडा आणि टेप आणलीच होती. वीस नळ्या खोक्यांतून काढल्या, वीस खाचा कापल्या. जेवणाआधीच्या नळ्यांना हिरवी टेप, दिवसभराच्या नळ्यांना लाल. गच्च गुंडाळली, काचेवरच्या छापील अक्षरांवरून. सुयासुद्धा डब्यांतून काढून एका कप्प्यात लावल्या. सगळं मिळून टूलकिटच्या छोट्या पेटीत बसलं. कुणी उघडून बघितलं तरी वाटेल, हत्यारं आहेत. मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात खाली घंटागाडीचं गाणं वाजलं. मी चार खोकी आणि दोन डबे चपटे केले आणि गाडीत टाकून आलो. अप्पांची लेबलं वर होती. नाव कुणी वाचू नये म्हणून मी खोकी हातानं उलटी केली, तेवढं मला अजून आठवतं.

विमानात साहेबांच्या शेजारची जागा. सुई घ्यायला उठलो नाही. म्हटलं, उतरल्यावर घेऊ. नाश्ता मात्र खाल्ला, ज्यूस प्यालो. विमान साडेदहाला उतरलं. बॅग मशीनमधून गेली आणि पलीकडच्या अधिकाऱ्यानं बोट करून बाजूला घ्यायला सांगितलं. पेटी उघडली. आत ओळीनं वीस काचेच्या नळ्या, पाणी भरलेल्या, हिरव्या-लाल टेप गुंडाळलेल्या, आणि मूठभर सुट्या सुया.

तो माणूस वाईट नव्हता. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. मी फाइल पुढं केली. त्यानं अप्पांचा कागद न् कागद वाचला, डॉक्टरांचं पत्र वाचलं, आडनावातला ए पासपोर्टशी ताडून बघितला. सगळं बरोबर. मग त्यानं परवान्यावर बोट ठेवलं, चार बोटं वर केली आणि विचारलं, "बॉक्स?"

माझ्याकडे बॉक्स नव्हता. त्यानं एका नळीची टेप सोलली. टेपेसकट छपाई निघून आली. हातात राहिली कोरी काच. घंटागाडीला इंग्रजीत काय म्हणतात?

नळ्या तपासायला नेल्या. माझ्या खिशातलं इन्सुलिन टोचायचं पेनही नेलं. मला एका खोलीत बसवलं. साहेब काचेच्या पलीकडून म्हणाले, "यू मॅनेज, मी हॉटेलवरून बघतो काय ते," आणि गेले. दुपारी दोनला मला पाणी पुरेना. चारला पोटात मुरडा आला. पाचला मी त्यांच्या कचऱ्याच्या टोपलीत ओकलो. मी 'डायबेटिक' म्हणून ओरडलो, सात वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं. तेव्हा धावाधाव झाली. त्यांनीच मला दवाखान्यात नेलं, त्यांच्याच डॉक्टरांनी वाचवलं. तिसऱ्या दिवशी उठून बसलो. तपासणीत औषध औषधच निघालं, पण टेप लावलेल्या नळ्या त्यांनी परत दिल्या नाहीत. नवीन घ्यावं लागलं.

मशीन बसवायचं काम पाच दिवस उशिरा सुरू झालं. गिऱ्हाइकानं मेल लिहिला. आमच्याकडे असा मेल आला की आधी एक बकरा शोधतात. साहेबांनी विमानतळावर पेटीचा फोटो काढला होता. तो जोडून त्यांनी लिहिलं, की औषधाचं सगळं काम डिस्पॅचनं केलं, कंपनीचं लेटरहेड आणि शिक्का खाजगी कामाला वापरला, आणि कागदांचा आणि मालाचा मेळ नव्हता.

चौकशी लागली. मी अजून तिकडेच होतो. मला एचआरचा मेल आला. एकच प्रश्न होता: 'परवान्यात चार खोकी आहेत. प्रत्यक्षात खोकी का नव्हती?'

तो मेल मी हॉटेलच्या पलंगावर बसून वीस वेळा वाचला. खरं लिहिलं तर नोकरी जाईल, असं वाटलं. रोग लपवला, वर सांगितलेलं ऐकलं नाही, वर कंपनीचं नाव खराब केलं. घरी लग्न ठरत आलेलं. मी उत्तर लिहिलं: 'मला जसं पॅक करून दिलं, तसं मी नेलं.'

एवढंच एक वाक्य लिहिलं आणि पाठवून दिलं.

मी परतलो तेव्हा डिस्पॅचच्या कामाला अप्पांच्या जागी नवा माणूस होता, गेटवरच्याच खिडकीत बसलेला, पुढ्यात कॉम्प्युटर. अप्पांकडून 'स्वेच्छेनं' राजीनामा घेतला होता. गेटवरच माझं कार्ड अडकलं. नवा माणूस स्क्रीन बघून हसायला लागला. "सर, तुमच्या नावावर एक आरजीपी ओपन दिसतोय. इंजिनेर, एक नग! ही कसली एंट्री? गुलाबी प्रत आणून द्या, म्हणजे क्लोज करतो."

गुलाबी प्रत अप्पांकडे. मी पंधरा दिवस टाळलं. मग एका रविवारी दुपारी निघोज्याला गेलो. अप्पांनी घरामागं कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्यात. ते ओट्यावर बसून त्या खोल्यांच्या किल्ल्यांना लेबलं बांधत होते.

"ये लातूर. जेवलास का?"

"नाही."

"मग आदी सुई घे. सूनबाई, ताट वाढ."

मला वाटलं होतं, शिव्या घालतील. मी शिव्या खायच्या तयारीनंच गेलो होतो. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द वर बोललो असतो आणि हिशोब फिटला असता. त्या माणसानं मला पिठलं-भाकरी खाऊ घातली. मग आत जाऊन गुलाबी कागद आणला, चष्मा लावला, आणि 'परत आले'च्या रकान्यात लिहायला लागले.

"इंजिनेर, एक. आला. स्थिती…" माझ्याकडे नीट बघितलं. "वाळलाय. पर ठीक." लिहिलं. "सुयांचे डबे?"

मी रिकामं ताट बाजूला सरकवलं.

"खोकी?"

"अप्पा, खोकी मी टाकली. इथंच, जायच्या आधी. घंटागाडीत."

"ठाव हाय."

"कसं काय?"

"चौकशीत तुज्या सायबानं काढल्याला फोटू दावला मला. हिरवी आन् लाल टेप. डिस्पॅचला ती टेप कवा आली? आमची खाकी."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे या माणसाच्या हातात पुरावा होता! एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. मी ओट्यावर उभा राहून ओरडलो, त्यांच्या घरी, त्यांचं अन्न खाऊन. "मग बोलला का नाहीत? का मूग गिळून बसलात? माझ्यावर उपकार केलेत का?"

"उपकार कशाचं?" अप्पा म्हणाले. "मला इचारलं, शिक्का तुमी मारला का. म्हनलं, व्हय. मारलाच हुता. खोक्याचं मला कुनी इचारलंच न्हाई." चष्मा काढला. "खोक्याचं तुला इचारलं हुतं."

मी खाली बसलो.

त्यांनी कागदावर लिहिलं, 'खोकी, शून्य. डबे, शून्य.' मग 'कारण' असा रकाना होता, तो रिकामा ठेवून पेन माझ्यापुढं धरलं. "नेनाऱ्यानं लिवायचं आस्तं."

मी लिहिलं. खोकी मी स्वतः टाकली, नळ्या मी काढल्या, टेप मी लावली, डिस्पॅचनं बरोबर पॅक करून दिलं होतं. खाली सही केली. अप्पांनी वाचलं, दोनदा वाचलं, घडी घालून माझ्या खिशात ठेवलं. "उद्या गेटवर जमा कर. पास बंद झाला पायजे."

सोमवारी कंपनीची बस नाशिक फाट्यावरून निघाल्यापासून माझा हात खिशावर होता. आज काय व्हायचं ते होऊ दे, म्हटलं. गेटवर नव्या माणसाला कागद दिला. त्यानं वरचा नंबर बघितला, कीबोर्डवर दोन बटणं दाबली, कागदावर 'क्लोज्ड'चा शिक्का मारला आणि मागच्या गठ्ठ्यात खोचून दिला. खालचं एक अक्षर वाचलं नाही. "झालं सर," म्हणाला. मागं रांग होती.

मी तिथं उभा होतो. 'अहो, ते वाचा,' एवढं म्हणायचं होतं. नाहीतर कागद काढून घेऊन वर साहेबांच्या केबिनमध्ये जायचं होतं. जिना समोर होता, चौदा पायऱ्या. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. मी लाइनवर गेलो आणि शिफ्ट सुरू केली.

त्या रविवारी अप्पांचा फोन आला.

"जमा केलंस?"

"केलं, अप्पा."

"वाचलं त्यांनी?"

मी म्हटलं, "वाचलं."

मग अप्पा हसले. सात वर्षांत तो माणूस हसलेला मी ऐकला नव्हता. "बरं झालं. मंग आता बोलावत्याल," म्हणाले. "पाच म्हयनं ऱ्हायल्यात अजून."

कुणी बोलावलं नाही, आणि ते पाच महिने सरायच्या आत अप्पा गेले. हे 'वाचलं'चं मी कुणाजवळ बोललेलो नाही. साहेबांचा राग येतो, त्या गेटवरच्या बिनडोक माणसाचा येतो, एजंटचा येतो, फ्लेक्सवाल्याचासुद्धा येतो. यांतल्या कुणीही अप्पांना 'वाचलं' असं सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं. म्हणून त्या दिवशी घाटावर साहेब शिस्तीवर बोलत होते आणि मी तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो.

भाषणं संपल्यावर अप्पांची सून चहा देत माझ्यापाशी आली. म्हणाली, "दादा, तुमच्यावर लई भरोसा होता मामांचा. लातूरनं कागद दिलाय, म्हणायचे. रोज सकाळी युनिफॉर्म इस्त्री करून दारामागं टांगायला लावायचे मला. बस आमच्या दारावरनंच जाते ना. बसची वेळ टळली, की मग काढायचे." तिनं पदरानं डोळे पुसले. "शेवटच्या दिवशीबी टांगलेला होता."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यानंतरच्या सोमवारपासून, बस निघोज्यातून जाते तेव्हा, मी डाव्या बाजूला बसत नाही. डाव्या बाजूला त्यांचं घर आहे.